पिंजोरचे जटायू केंद्र : गुराचे दुखणे आणि गिधाडाचा जीव

हरियाणात शिवालिकच्या पायथ्याशी, पिंजोरजवळच्या बीर शिकारगाह अभयारण्याला लागून ‘जटायू संवर्धन प्रजनन केंद्र’ आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आपली ‘बीएनएचएस’, आणि हरियाणाचे वन खाते यांनी मिळून ते उभे केले. नावावरून ते पक्षिमित्रांचे केंद्र वाटते आणि आजवर त्याचा इतिहास पक्षितज्ज्ञांनीच लिहिला. पशुवैद्यकांच्या हाती पडणाऱ्या या स्मरणिकेत तो वेगळ्या बाजूने सांगायला हवा. या केंद्राच्या जन्माचे कारण गोठ्यात आहे. गाईच्या दुखण्यावर दिलेले एक साधे इंजेक्शन आणि त्यातून ओढवलेला अनर्थ हा त्याचा पहिला अध्याय. गाईला आरामही मिळावा आणि गिधाडही जगावे असे औषध शोधणे हा दुसरा. माझ्या मते संस्थेचे मोठेपण या दुसऱ्या अध्यायात आहे.

सुरुवात भरतपूरची. केवलादेवच्या राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घरटी त्यांनी एकेक झाड फिरून मोजली होती. १९८७-८८ च्या हंगामात तिथे ३५३ जोड्या होत्या. त्या काळी एवढी गिधाडे दिसण्यात कोणाला नवल वाटत नसे. गावाबाहेर ढोर टाकले की आभाळात ठिपके दिसू लागत आणि पाऊण-एक तासात हाडांचा सापळा उरे. १९९६ च्या सुमारास विभू प्रकाश पुन्हा मोजायला गेले, तेव्हा जोड्या निम्म्याहून कमी भरल्या. घरट्यांच्या खाली, फांद्यांवर लटकलेली, झुडपांत अडकलेली मेलेली गिधाडे सापडत होती. १९९८-९९ मध्ये २० जोड्या राहिल्या आणि त्यानंतर तेवढ्याही राहिल्या नाहीत. आधीची मोजणी काळजीने नोंदवून ठेवलेली नसती, तर ही घट ‘पूर्वी खूप असायची’ एवढ्या हळहळीवर विरून गेली असती. म्हणून या संस्थेच्या इतिहासात मी पहिला मान त्या जुन्या वहीला देतो.

मरणाऱ्या पक्ष्यांची एक लकब विभू प्रकाश यांच्या नजरेत भरली. गिधाड फांदीवर बसे, मान हळूहळू खाली झुके आणि डोके पायांपर्यंत लोंबे. हाक दिली, टाळी वाजवली की ते मान उचले, आणि थोड्या वेळाने मान पुन्हा झुके. असे कित्येक दिवस चाले आणि मग पक्षी खाली पडे. पहिली काही वर्षे आजाराची खूण म्हणून हीच लकब धरली गेली. सर्वेक्षणात मान झुकलेले पक्षी वेगळे मोजले जात. पुढे पाकिस्तानात झालेल्या बारकाईच्या निरीक्षणांत दिसले की निरोगी गिधाडेही उन्हाच्या तडाख्यात मान खाली सोडून बसतात. अंगातली उष्णता कमी करण्याचा तो बहुधा एक मार्ग आहे, आणि मान झुकलेली दिसली म्हणून पक्षी मरणारच असे भाकीत करता येत नाही. प्राण्याच्या वागण्यावरून रोगाचे निदान करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. खूण खरी असते, तिचा अर्थ मात्र शवविच्छेदनाच्या टेबलावर पारखावा लागतो.

आणि शवविच्छेदन हीच मोठी अडचण होती. उत्तर भारतातल्या उन्हात मेलेले गिधाड काही तासांत कुजते. ताजे शव मिळणे दुर्मीळ, मिळाले तर ते प्रयोगशाळेपर्यंत टिकवणे त्याहून कठीण. जी थोडी शवे हाती आली त्यांची तपासणी पुण्यात, ‘पोल्ट्री डायग्नॉस्टिक अँड रिसर्च सेंटर’मध्ये झाली. कोंबड्यांच्या रोगांवर काम करणाऱ्या तिथल्या मराठी पशुवैद्यकांनी गिधाडांच्या अवयवांवर बसलेला पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर पाहिला आणि ओळखला. काळीज, यकृत, मूत्रपिंडे यांवर युरिक आम्ल साचले होते. याला व्हिसेरल गाऊट म्हणतात. मूत्रपिंडे बंद पडली की पक्ष्यांत असे होते. पण मूत्रपिंडे बंद का पडली? लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे तज्ज्ञ, पुण्याचे हे पशुवैद्यक आणि बीएनएचएसचे संशोधक यांनी हाती असलेल्या पुराव्यावरून संसर्गजन्य रोगाचा, बहुधा एखाद्या नव्या विषाणूचा संशय मांडला. २००३ साली तो प्रसिद्धही झाला. पुढे कारण वेगळे निघाले. तरी त्या वेळी तो संशय रास्त होता आणि त्यांनी तो संशय म्हणूनच मांडला होता, याची नोंद इथे करणे मला अगत्याचे वाटते.

२०००च्या सुमारास तिन्ही जातींना, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचे, लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे गिधाड यांना, जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवण्यात आले. बीएनएचएसचे तत्कालीन संचालक डॉ. असद रहमानी यांनी हा विषय सरकारदरबारी लावून धरला. ब्रिटनच्या डार्विन इनिशिएटिव्हचा निधी, तिथल्या आरएसपीबी या पक्षिसंस्थेची साथ आणि हरियाणा वन खात्याने दिलेली जमीन यांवर २००१ साली पिंजोरला ‘व्हल्चर केअर सेंटर’ सुरू झाले. प्रजननाचा विचार तेव्हा नव्हता. आजारी गिधाडे आणायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, मेली तर ताबडतोब तपासायची आणि मरणाचे कारण शोधायचे, एवढाच हेतू होता.

कारण सापडले सीमेपलीकडे. पाकिस्तानातल्या पंजाबात अमेरिकेच्या पेरेग्रिन फंडाचा एक गट तिथल्या पक्षिसंस्थेबरोबर काम करत होता. त्यात लिंडसे ओक्स हे पशुवैद्यक होते. विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके असे सगळे त्यांनी तपासून पाहिले आणि प्रत्येक चाचणी कोरी आली. तेव्हा त्यांनी प्रश्नच फिरवला. गिधाडांचे अन्न म्हणजे मेलेली गुरे, मग गुरांना मरण्याआधी काय दिले जाते? ते औषधांच्या दुकानांत आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी करत फिरले. सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी पोटातून शोषले जाणारे आणि मूत्रपिंडांना घातक म्हणून माहीत असलेले औषध एकच निघाले : डायक्लोफिनॅक. गाऊटने मेलेल्या २५ गिधाडांपैकी पंचवीसही पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत ते सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही नव्हते. डायक्लोफिनॅक दिलेल्या म्हशीचे आणि बकऱ्याचे मांस खाऊ घातल्यावर गिधाडे तशीच मेली. २००४ च्या आरंभी हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले. भारत आणि नेपाळमध्ये जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले, आणि तिथेही गाऊट व डायक्लोफिनॅक हातात हात घालून दिसले.

आपल्या व्यवसायातल्या कोणालाही हे वाचून अस्वस्थ व्हायला होईल. डायक्लोफिनॅक हे वाईट औषध नव्हते. माणसांत ते वर्षानुवर्षे चालत होते. १९९० च्या दशकात ते गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले आणि गावोगाव पोचले. कासदाहाने ठणकणारी कास, पाय मुरगळून लंगडणारा बैल, तापाने चारा सोडलेली गाय यांना त्याने तासाभरात उतार पडे. शेतकऱ्याला दिसे की जनावर उठले, खाऊ लागले. औषध देणाऱ्याचा हेतू दुःख हलके करण्याचाच होता. पण आपल्याकडे म्हातारे, आजारी जनावर कसायाकडे न जाता बहुधा गोठ्यातच मरते, आणि मरण्याआधी त्याला शेवटचा उपाय म्हणून वेदनाशामक टोचले जाते. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावले तर त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडांत अंश शिल्लक असतो. गिधाडाला किलोमागे एक-दोन दशांश मिलिग्रॅम एवढी मात्राही प्राणघातक ठरते. एवढे औषध एका चांगल्या जेवणात पोटात जाते.

एखाद्दुसऱ्या जनावरात अंश राहिला तर एवढी मोठी घट कशी, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. उत्तर गिधाडाच्या स्वभावात आहे. ते एकटे जेवत नाही. एक उतरले की मैलोन्मैल अंतरावरची दुसरी त्याला पाहून उतरतात आणि एका ढोरावर पन्नास-शंभर पक्षी जमतात. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि वयात यायला सुमारे पाच वर्षे घेते. १३० ते ७६० मृत जनावरांमागे एकात जरी घातक मात्रा असली, तरी दिसलेली सगळी घट त्यातून घडू शकते, असे गणिताने दाखवले. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये बारा राज्यांतून गोळा केलेल्या १,८०० हून अधिक यकृतांच्या नमुन्यांत दहा टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत डायक्लोफिनॅक सापडले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. उरलेल्या दोन जाती मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी.

याचे परिणाम गिधाडांपुरते थांबले नाहीत. ढोरे उघड्यावर सडू लागली आणि मोकाट कुत्री वाढली. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाची अंत्यविधीची शतकानुशतकांची रीत अडचणीत आली. गिधाडे जिथे पूर्वी भरपूर होती अशा जिल्ह्यांत २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख माणसे जास्त दगावली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला.

आता मघाशी म्हटलेला दुसरा अध्याय. डायक्लोफिनॅकवर बंदी घाला, एवढी मागणी करून थांबणे पक्षिसंस्थांना सोपे होते. तसे केले असते तर पशुपालक आणि पशुवैद्यक दोघेही विरोधात गेले असते, आणि योग्यच गेले असते. कासदाहाने तळमळणाऱ्या गाईला वेदनाशामक नाकारायचे कोणत्या तोंडाने? म्हणून पर्याय शोधायचे ठरले. आधी जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांकडे आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारणा झाली की गिधाडांना कोणती वेदनाशामके दिली आणि काय झाले. मेलॉक्सिकॅमचे नाव पुढे आले. शेकडो पक्ष्यांना ते दिले गेले होते आणि त्यामुळे एकही दगावल्याची नोंद नव्हती. भारतात गुरांसाठी त्याला परवानाही होता. पहिल्या चाचण्या दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर झाल्या. रानात परत सोडता न येणारे पक्षी त्यासाठी निवडले होते. मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. नंतर मेलॉक्सिकॅम टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातले. पक्षी ठणठणीत राहिले आणि रक्तातले युरिक आम्ल वाढले नाही.

मग पिंजोरची कसोटी आली. आफ्रिकेतल्या जातीला जे मानवले ते आपल्या जातींना मानवेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. खात्री करायची तर जगात मोजकीच उरलेली, केंद्रात जिवापाड सांभाळलेली गिधाडेच चाचणीसाठी वापरायला हवी होती. एक पक्षी गेला असता तरी ती भरून न येणारी हानी होती. केंद्राने ती जोखीम घेतली. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे डॉ. देवेंद्र स्वरूप आणि त्यांचे सहकारी या कामात होते. या संस्थेचा जन्म १८८९ साली आपल्या पुण्यातला, बुळकांड्याच्या संशोधनासाठी झालेला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. पिंजोरच्या पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम दिले गेले, त्यांचे रक्त तपासले गेले, आणि सगळे पक्षी जगले. कावळे, साळुंक्या, गायबगळे आणि पांढरी गिधाडे यांच्यावरही ते निर्धोक ठरले. २००६ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात भारताच्या औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबवण्याचा आदेश काढला. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी बंदी घातली. वेदनेवरचा उपाय हातात ठेवून बंदी मागितली, म्हणूनच ती इतक्या लवकर आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदी कागदावर आली, तरी दुकानातून औषध गेले नाही. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्यांत मिळत होते, आणि एवढी कुपी माणसाला कधीच लागत नाही. २००७ ते २०१० दरम्यान अकरा राज्यांतल्या अडीचशेहून अधिक दुकानांत ग्राहक म्हणून जाऊन पाहणी केली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त दुकानांनी गुरांसाठी म्हणून डायक्लोफिनॅक काढून दिले. मेलॉक्सिकॅमबद्दलही खऱ्या तक्रारी होत्या. ते महाग पडे, आणि काही कंपन्यांचे इंजेक्शन टोचताना जनावराला झोंबे. त्या तक्रारी दूर करायला वेळ लागला. अखेर २०१५ साली माणसांसाठीच्या कुपीवर ३ मिलिलिटरची मर्यादा आली. त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या, पण मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती मर्यादा कायम ठेवली.

इकडे २००४ साली पिंजोरच्या केंद्राचे रूप बदलले. बंदी यायला आणि लागू पडायला वेळ लागणार आणि तोवर रानातली गिधाडे संपण्याची भीती होती, म्हणून बंदिवासात प्रजनन करायचे ठरले. गिधाड एकेकटे पिंजऱ्यात ठेवले तर वीण करत नाही. त्याला सोबत लागते, घरट्याच्या जागेवरून भांडण लागते, आभाळ दिसावे लागते. म्हणून सुमारे शंभर फूट लांब आणि चाळीस फूट रुंद अशी मोठी पक्षिगृहे बांधली. त्यांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांसाठी झाडासारखे मचाण, लांब चोचीच्या गिधाडांसाठी कड्यासारखे कप्पे केले. नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात, तेव्हा जोड्या पक्ष्यांनाच जुळवू दिल्या. माणसाने आत जायचे नाही, कॅमेऱ्यातून पाहायचे. नर आणि मादी दोघे आळीपाळीने अंडे उबवतात, काटक्या आणतात, पिल्लाला भरवतात, हे सगळे वर्षानुवर्षे नोंदवले गेले. पहिले अंडे वेळीच काढून यंत्रात उबवले तर जोडी पुन्हा अंडे घालते, हे तंत्रही इथे साधले. खाद्य म्हणजे बकऱ्याचे मांस. बकरे आणल्यावर काही दिवस केंद्रातच ठेवून, अंगात औषध असेल तर ते उतरू देऊन मगच कापले जाते. निमुळत्या चोचीच्या गिधाडाची बंदिवासात वाढलेली जगातली पहिली पिल्ले २००९ साली पिंजोरला आणि पश्चिम बंगालमधल्या राजाभातखावाच्या केंद्रात वाढली. आसामात राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळ इथेही केंद्रे झाली. पिंजोरमधल्या पक्ष्यांची संख्या पुढे तीनशेच्या वर गेली.

औषधांचा प्रश्न मात्र डायक्लोफिनॅकवर संपला नाही. त्याची जागा घ्यायला केटोप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड पुढे आली. केटोप्रोफेनही गिधाडांना मारते हे २००९-१० मध्येच सिद्ध झाले होते. ॲसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनते. तरी या दोन्हींवर बंदी यायला २०२३ चा जुलै उजाडला आणि निमेसुलाइडवर त्यानंतर दीड वर्षाने. हा उशीर अक्षम्य आहे. गुरांसाठी नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधीच ते गिधाडांना निर्धोक आहे का, हे तपासण्याची सक्ती हवी. आज आधी परवाना मिळतो, मग पक्षी मरतात आणि मग संशोधक पुरावा गोळा करत बसतात. दिलाशाची एक गोष्ट आहे : टोल्फिनॅमिक आम्ल गिधाडांना मानवते, असे इज्जतनगर आणि बीएनएचएस यांच्या चाचण्यांतून २०२२ साली दिसून आले. त्यामुळे आज पशुवैद्यकाच्या हाती दोन तपासलेली औषधे आहेत.

पक्षी रानात सोडणे ही शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी. २०१६ साली आधी दोन हिमालयीन गिधाडे सोडून पाहिली. मग ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या आठ गिधाडांना पिंजोरच्या आभाळात मोकळे केले. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची वीस गिधाडे महाराष्ट्रात आली. दहा लांब चोचीची पेंचला, दहा पांढऱ्या पुठ्ठ्याची ताडोब्याला. काही महिने तिथल्या पक्षिगृहांत ठेवून, पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवून ती पावसाळ्यात सोडली. त्यांतली काही दगावली. ताडोब्याचे एक गिधाड राज्यामागून राज्य ओलांडत थेट तामिळनाडूपर्यंत गेले. म्हणजे चंद्रपूरच्या जंगलातले गिधाड वाचवायचे तर केवळ चंद्रपूरच्या दुकानांतून डायक्लोफिनॅक हटवून भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक तालुक्यातल्या गोठ्यात काय टोचले जाते, यावर त्याचा जीव अवलंबून आहे.

म्हणून विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात गावोगाव फिरणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. दुखणाऱ्या जनावराला वेदनाशामक अवश्य द्या, पण मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फिनॅमिक आम्लच द्या आणि चिठ्ठीवर त्याचेच नाव लिहा. दुकानदाराने माणसांची कुपी पुढे केली तर ती परत करा. आणि इतर कोणतेही वेदनाशामक टोचलेले जनावर आठवड्याभरात दगावले, तर ते उघड्यावर टाकू नये, खोल खड्डा करून पुरावे, हे पशुपालकाला त्याच दिवशी सांगून ठेवा.